नगरचा समुद्र

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आजच्या भाषणाचं नाव ऐकून काहींना वाटलं असेल, की निवेदकांची काहीतरी गफलत झाली. नगरला कुठला आलाय समुद्र? सावेडीहून निघालं तर खाऱ्या पाण्यात पाय बुडवायला रस्त्याने दोनशे किलोमीटरहून जास्त जावं लागतं. शिवाय आपला जिल्हा पर्जन्यछायेतला. पाण्याचा विषय निघाला की आपल्याला आठवतात ते टँकर, धरणाची आवर्तनं आणि मुळेचं पाणी. समुद्र आठवतो तो मे महिन्याच्या सुट्टीत.

आणि तरीही या शहराला एके काळी स्वतःचं बंदर होतं. त्याचं नाव चौल.

आता शहराचं आणि जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं आहे. पण जुन्या गोष्टी सांगताना मी जुनं नाव घेतो, ते समजून घ्यावं. मलिक अहमदने १४९०च्या सुमारास सीनेच्या काठी या शहराची मुहूर्तमेढ रोवली, त्याआधी त्याचा मुक्काम जुन्नरला होता. जुन्नरहून नाणेघाट उतरला की कोकण, आणि कोकणात कुंडलिकेच्या मुखाशी चौल. अरबस्तान आणि इराणातून घोडे यायचे ते या वाटेने. घोड्यांशिवाय दख्खनमधली एकही सल्तनत उभी राहिली नसती, त्यामुळे चौल म्हणजे निजामशाहीची नाकपुडीच म्हणा ना. विजापूरला गेलेल्यांनी मलिक-ए-मैदान तोफ पाहिली असेल. ती १५४९मध्ये आपल्या नगरात ओतली गेली. ओतणारा मुहम्मद बिन हसन, त्याच्या नावापुढे ‘रूमी’ लागतं. रूमी म्हणजे तुर्कस्तानाकडचा. मलिक अंबर आफ्रिकेतल्या हबशांच्या देशातला. बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारी वैद्य म्हणून येणारा गार्सिया द ओर्ता पोर्तुगीज. आपल्या औषधी वनस्पतींवरचं त्याचं पुस्तक १५६३मध्ये गोव्यात छापलं गेलं. ही सगळी माणसं नगरच्या इतिहासात आली ती समुद्रावरून.

चौल तर नगरपेक्षा कितीतरी जुनं. कान्हेरीच्या लेण्यांना दान देणाऱ्यांमध्ये ‘चेमुल’चे लोक आहेत. दहाव्या शतकाच्या आरंभी अरब प्रवासी अल मसूदी तिथे येऊन गेला. नगर वसण्याच्या वीसेक वर्षं आधी अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी एक घोडा विकायला घेऊन चौलला उतरला आणि जुन्नरपर्यंत चालत आला. त्याचं स्मारक रेवदंड्याला शाळेच्या आवारात आहे. १५०८मध्ये चौलच्या खाडीत मोठी सागरी लढाई झाली आणि पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा तिथे मारला गेला. तरीही १५२१मध्ये पोर्तुगिजांनी निजामशहाच्या परवानगीने खाडीच्या तोंडाशी कोट बांधायला घेतला. तेच आजचं रेवदंडा. पुढे १५७०-७१मध्ये मुर्तझा निजामशहाने त्या कोटाला वेढा घालून तो घ्यायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही. १५९४मध्ये समोरचा कोर्लईचा डोंगरही हातचा गेला. ज्या शहराचं बंदर गेलं, त्या शहराची पुढची गोष्ट फार लांबत नाही. सहा वर्षांनी, १६००मध्ये, नगरचा किल्ला मोगलांनी घेतला. एकाचं कारण दुसरं होतं असं मी म्हणत नाही, पण सनावळी शेजारी-शेजारी मांडली की विचार मनात येतो खरा.

आज चौलला जा. नारळी-पोफळीच्या वाड्या, त्यातून जाणारा रस्ता, झाडीत लपलेला हमामखाना, राजकोटाचे अवशेष. मोठ्या गलबतांचं बंदर इथे होतं हे कुणी सांगितल्याशिवाय कळत नाही. खाडी गाळाने भरत गेली, व्यापार मुंबईकडे वळला. १७४०मध्ये पोर्तुगीज गेले, मराठे आले, पण तोवर बंदराचं तेज ओसरलं होतं. कोटाच्या भिंतींवर वड-पिंपळ उगवले.

मात्र खाडीपलीकडे कोर्लई गावात जा. तिथला ख्रिस्ती समाज आजही घरात एक वेगळीच भाषा बोलतो. पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून ती घडली. स्वतः ते लोक तिला ‘नॉ लिंग’ म्हणतात, म्हणजे ‘आमची भाषा’. पोर्तुगीज जाऊन पावणेतीनशे वर्षं उलटली, तटाला भगदाडं पडली, तोफा गंजल्या आणि ती भाषा राहिली, कारण गाव राहिलं. लोक तिथेच मासे मारत, शेती करत, लग्नं लावत राहिले. सागरी वारसा म्हटलं की आपण बुरूज मोजतो. कोर्लईत तो वारसा चुलीपाशी बसून बोलतो. याची पुरातत्त्व खात्याच्या फलकावर नोंद कशी करायची, हा प्रश्नच आहे.

हे सगळं आज सांगायचं कारण असं, की चौलचं तीनशे वर्षांपूर्वी जे झालं, ते मुंबईच्या पूर्व किनाऱ्याचं आपल्या डोळ्यांदेखत होत आहे.

मुंबईचा समुद्र म्हणजे आपल्याला ठाऊक असतं ते मरीन ड्राइव्ह, जुहू, गिरगाव चौपाटी. हा झाला पश्चिमेचा समुद्र, फिरायचा. पूर्वेचा समुद्र कामाचा. पोर्ट ट्रस्टची स्थापना १८७३ची. १८७५मध्ये अल्बर्ट ससून यांनी कुलाब्याला ससून डॉक बांधला, १८८०मध्ये प्रिन्सेस डॉक झाला, त्यामागोमाग व्हिक्टोरिया आणि १९१४मध्ये अलेक्झांड्रा, ज्याला आज आपण इंदिरा डॉक म्हणतो. त्या किनाऱ्यावरची नावंच ऐका: लकडी बंदर, कोळसा बंदर, टँक बंदर, हे बंदर. यातलं ‘हे’ म्हणजे आपलं मराठी ‘हे’ नव्हे बरं का, इंग्रजीत वाळल्या गवताला म्हणतात ते. काय उतरायचं त्यावरून धक्क्याला नाव. घाटावरून पोटासाठी गेलेल्या किती माणसांच्या पाठी त्या धक्क्यांवर वाकल्या असतील! १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट झाला, त्यात अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. १७ जुलै १९४७ला भाऊच्या धक्क्याहून सुटलेली ‘रामदास’ बोट रेवसला पोचण्याआधीच उलटली आणि सहाशेहून अधिक माणसं बुडाली. कोकणातल्या घराघरांतून अजूनही तिची आठवण निघते.

१९८९मध्ये पलीकडे न्हावाशेवाचं बंदर सुरू झालं आणि मुंबईच्या जुन्या गोद्यांचं काम तिकडे सरकू लागलं. मागे राहिली ती जमीन. मुंबईसारख्या शहराच्या ऐन काठाला, बंदराच्या मालकीची साडेसातशे हेक्टरांहून अधिक जमीन! तिचं काय करायचं यासाठी २०१४मध्ये राणी जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, २०१८च्या अखेरीस विकासाचा मसुदा आराखडा आला. बागा, पाण्याकाठचे पदपथ, मरिना, क्रूझ. २०२०च्या मार्चमध्ये भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला गाड्या नेणारी रो-रो बोट सुरू झाली. २०२४मध्ये शिवडीहून अटल सेतू झाला. सप्टेंबर २०२५मध्ये बॅलार्ड पियरजवळ आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन झालं.

यातलं काहीच वाईट नाही. शंभर-सव्वाशे वर्षं भिंतीआड राहिलेला समुद्र मुंबईकरांना दिसायला लागणार असेल, तर कोण नाही म्हणेल? काठ मोकळा व्हावा, लोकांनी तिथे यावं, पर्यटकांनी चार पैसे खर्च करावेत. प्रश्न एवढाच आहे, की काठ मोकळा करताना तिथून कोण मोकळं होणार.

पहाटे चार-साडेचारला ससून डॉकवर गेलात तर कळेल, मी काय म्हणतो ते. बोटी लागतात, टोपल्या उतरतात, लिलावाचा आवाज टिपेला पोचतो. कोळणी, कोळंबी सोलणाऱ्या बायका, बर्फ फोडणारे, जाळी विणणारे, हातगाडीवाले. पायाखाली चिखल आणि नाकात वास. २०१७च्या नोव्हेंबरमध्ये याच डॉकच्या जुन्या वखारीत मोठं कलाप्रदर्शन भरलं होतं. डॉकमध्ये राबणाऱ्यांचे मोठाले चेहरे भिंतींवर लागले. ज्या मुंबईकरांनी उभ्या आयुष्यात ससून डॉक पाहिला नव्हता ते रांगा लावून आले. चांगलं झालं. पण भिंतीवरचा चेहरा आणि भिंतीखाली बसून कोळंबी सोलणारी बाई, यांतली एकच गोष्ट ठेवायची वेळ आली तर शहर कुणाला ठेवेल? चेहरा ठेवणं स्वस्त असतं. त्याला पाणी लागत नाही, सावली लागत नाही, बर्फ लागत नाही आणि त्याला वासही येत नाही.

वरळीचं उदाहरण त्याहून बोलकं आहे. किनारी रस्ता बांधताना समुद्रात खांब उभे राहणार होते. त्यातल्या दोन खांबांमध्ये वरळी कोळीवाड्याच्या बोटींच्या वाटेवर ६० मीटरची जागा ठेवायचं ठरलं. कागदावर ६० मीटर म्हणजे भरपूर. कोळी म्हणाले, भरती-ओहोटीला प्रवाह असतो, वारा असतो, बोट सरळ रेषेत येत नाही, आमची बोट खांबावर आदळेल. त्यांनी बराच रुंद गाळा मागितला, काम अडवलं, पुष्कळ काळ ताणाताणी झाली. अखेर २०२२च्या डिसेंबरमध्ये १२० मीटर ठेवण्याचं सरकारने मान्य केलं. आता हे गणित काही अवघड नव्हतं. त्या पाण्यातून बोट नेणाऱ्याला सुरुवातीलाच विचारलं असतं तर त्याने बोटावर हिशेब करून सांगितलं असतं.

मुंबईत अपोलो बंदराजवळ, रेडिओ क्लबच्या समोर, प्रवाशांसाठी नवी जेट्टी बांधायला घेतली, तेव्हा कुलाब्यातले रहिवासी न्यायालयात गेले. २०२५च्या जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने जेट्टीला परवानगी दिली, पण अटी घातल्या. तिथली पायऱ्यापायऱ्यांची बैठक बोटीची वाट पाहणाऱ्यांसाठीच वापरायची, करमणुकीच्या कार्यक्रमांसाठी नाही. खाण्याच्या जागी पाणी आणि पाकीटबंद पदार्थ एवढंच, जेवणावळी नाहीत. मला हा निकाल फार विचार करण्यासारखा वाटला. जेट्टी बोटीत चढायला की बसून मौज करायला, हे न्यायालयाला सांगावं लागलं.

जगात हे आधी झालं आहे. इंग्लंडमधलं लिव्हरपूल एके काळी अवघ्या साम्राज्याचं बंदर. तिथला अल्बर्ट डॉक १८४६चा. तो १९७२मध्ये बंद पडला, पुढच्या दशकात दुरुस्त होऊन संग्रहालयं आणि दुकानं घेऊन उभा राहिला आणि जगभरचे नगररचनाकार तो पाहायला जाऊ लागले. २००४मध्ये युनेस्कोने त्या बंदर-परिसराला जागतिक वारशाचा मान दिला. मग काठावर एकापेक्षा एक मोठे प्रकल्प येत गेले आणि २०२१च्या जुलैमध्ये युनेस्कोने तो मान काढूनही घेतला. व्हेनिसमध्ये इमारतींपेक्षा उंच क्रूझ जहाजं शहराच्या मधून जायची. २०२१च्या ऑगस्टपासून मोठ्या जहाजांना तिथे बंदी झाली. सकाळी हजारो माणसं उतरायची, फोटो काढायची, संध्याकाळी निघून जायची. गावात राहणाऱ्यांना भाडं परवडेना, ते मुख्य भूमीवर राहायला गेले.

म्हणजे पर्यटन नकोच का? तसं नाही. २०२३मध्ये माहीमच्या कोळीवाड्यात महिला बचत गटांनी मासळीच्या जेवणाचे स्टॉल सुरू केले. स्वयंपाक त्यांचा, गल्ला त्यांचा, किनारा त्यांचा. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला २००२पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांच्या मदतीने कासवांची घरटी राखली. पुढे कासवाची पिल्लं समुद्राकडे जाताना पाहायला माणसं येऊ लागली, तेव्हा गावाने त्यांना आपल्याच घरांतून उतरवलं आणि पानात आमटी-भात वाढला. घरट्याची अंडी जाण्यापेक्षा ती राहण्यात गावाला जास्त मिळू लागलं. टिकाऊ पर्यटन म्हणून जे जाडजूड अहवाल निघतात, त्यांचा गाभा वेळासच्या ओसरीवर सापडतो.

२०२५च्या जुलैमध्ये मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. त्यात खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे सागरी किल्ले आहेत. आपल्या सर्वांना अभिमान वाटला. आता गर्दी वाढणार. खांदेरीवर वेताळाचं देऊळ आहे, कोळी मंडळी त्याला मानतात, नवसाला जातात. महाराजांनी १६७९मध्ये इंग्रजांच्या नाकावर टिच्चून हा किल्ला बांधला, हे आपण फलकावर लिहू. पण थळच्या कोळ्याला आपल्या वेताळाकडे जायला उद्या तिकीट काढावं लागणार असेल किंवा त्याच्या होडीऐवजी मोठ्या कंपनीचीच बोट चालणार असेल, तर किल्ला राखला म्हणायचं की गमावला? हे अजून ठरलेलं नाही. म्हणूनच आत्ता बोललं पाहिजे.

आता कुणी म्हणेल, नगरकराला या समुद्राच्या उठाठेवी कशाला? एक तर त्या किनाऱ्यावर जाणारा पर्यटक आपणच आहोत. शनिवारी रात्री गाड्या भरून अलिबाग-काशीदला निघणाऱ्यांत आपल्या गाड्याही असतात. आपण कुणाच्या घरी उतरतो, कुणाकडून मासे घेतो, प्लॅस्टिक कुठे टाकतो, यावर तिथल्या गावाचं बरंचसं ठरतं.

दुसरं असं, की पाण्याचा काठ आपल्यालाही आहे. सावेडीत भिस्तबाग चौकातून आपण रोज जातो. भिस्तबाग म्हणजे हश्त बेहश्त, आठ स्वर्गांची बाग. निजामशाहीच्या पहिल्या पिढीत इथे तळ्याच्या मधोमध महाल होता. शेंडी आणि वडगावकडून नळाने पाणी आणून ते तळं भरलं जाई. फराहबागेच्या महालाभोवतीही तसंच पाणी होतं. पाऊस कमी पडणाऱ्या मुलखात पाणी मैलोगणती चालवत आणायचं आणि त्याच्या काठाशी बसायचं, ही या शहराची जुनी हौस. आज तळ्यात पाणी नाही, चौकात सिग्नल आहे.

आणि सीना आहे. सीनेबद्दल अधूनमधून बोललं जातं, नदीकाठ सुशोभित करू, पदपथ करू, दिवे लावू. करावंच. पण त्याआधी एकदा आपल्या शहराला जिचं नाव मिळालं तिच्या कामाकडे पाहावं. जामखेड तालुक्यातल्या चौंडीत १७२५मध्ये जन्मलेल्या अहिल्याबाईंनी देशभर घाट बांधले. काशीचा मणिकर्णिका घाट त्यांनी बांधून काढला. महेश्वरला नर्मदेच्या पायऱ्या पाहा. दोनशे-अडीचशे वर्षं झाली, लोक तिथे आंघोळ करतात, कपडे धुतात, दिवे सोडतात, नावेत बसतात, दशक्रिया करतात. मोसमाप्रमाणे पाणी चढतं-उतरतं म्हणून पायऱ्या. हव्या त्या पायरीवर बसा. कुणाला उठवत नाहीत. शिवाय बाईंनी महेश्वरात विणकर आणून वसवले. विसाव्या शतकात माग बंद पडत चालले होते, तेव्हा १९७०च्या दशकाच्या अखेरीस ‘रेहवा’ संस्थेने बायकांना पुन्हा मागावर बसवलं. आज महेश्वरला जाणारा पर्यटक घाट पाहतो आणि साडी घेऊन येतो. घाट आणि माग, दोन्ही चालू आहेत.

तेव्हा सीनेच्या काठाचा आराखडा कधी टेबलावर आला, तर मी त्यात पहिल्यांदा पायऱ्या शोधीन. म्हशी पाण्यावर कुठून उतरणार, गणपती कुठे बोळवणार, पिंडाला कावळा शिवायची वाट पाहत माणसं कुठे बसणार, पुराचं पाणी आलं तर त्याला जागा किती, आणि गटाराचं पाणी नदीत सोडणारे पाइप त्या दिव्यांच्या खांबांखाली लपवलेत की बंद केलेत, एवढं बघीन. आपणही बघा. आराखड्यावर हरकती आणि सूचना द्यायला ३० दिवस असतात, असा साधारण नियम आहे. जाहिरात वर्तमानपत्रात येते, बारीक अक्षरात.